पाव, अर्धी की सबंध

शेजाऱ्यांना जेवायला बोलवायचं विसरायचं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उरलेलं जेवण घेऊन त्यांच्याच दारात उभं राहायचं, हा पराक्रम मी वयाच्या एकतिसाव्या वर्षी, अंघोळ करून आणि पूर्ण शुद्धीत केला.

महाडला बदलीवर येऊन आम्हाला जेमतेम पंधरा दिवस झाले होते. मी वाईकडचा, घाटावरचा, सरकारी कचेरीतला कारकून. धाकट्या मुलीचं बारसं तिथंच उरकायचं ठरलं. कचेरीतली चाळीस माणसं तरी येतील, असं मी मंदाला, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींना, ठामपणे सांगितलं होतं. आली एकवीस. सकाळी उठून बघतो तर मसालेभाताचं अर्धं पातेलं शिल्लक. टाकायला जीव होईना आणि खायचा धीर होईना. तेव्हा मला एक उदात्त विचार सुचला. आमच्या भिंतीला भिंत लागून तांबे नावाचं कुटुंब राहत होतं. पातेल्यावर ताटली झाकून मी त्यांची कडी वाजवली.

दारात तांबेबाई आल्या. ठेंगण्या, सावळ्या, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली, हातात शाळेची पिशवी. मी हसून म्हटलं, "थोडा भात आहे. वाया जाण्यापेक्षा म्हटलं..."

त्यांनी पातेल्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"जगतापभाऊ, काल निरोप नाही आला. आज पातेलं आलं."

आवाजात राग नव्हता. मुलाच्या वहीतली चूक दाखवावी तसा तो आवाज होता. मला पळून जायचं होतं, पण हातात पातेलं असताना माणूस पळू शकत नाही. बाईंनी मला आत बोलावलं, स्टुलावर बसवलं आणि शाळेला दहा मिनिटं उशीर करून घेऊन एक गोष्ट सांगितली. त्यांची आजी पोलादपूरच्या पुढं, डोंगराच्या पायथ्याच्या वाडीत राहायची. गावात सण झाला की दुसऱ्या दिवशी वरच्या आळीतून घरोघरचं शिळं आणायचं, हे वाडीतल्या बायकांचं ठरलेलं काम. एके वर्षी वाडीनं एकत्र बसून ठरवलं, आजपासून कुणाचं शिळं आणायचं नाही. त्या साली चुली गार राहिल्या, पोरं रडली, पण कुणी वरच्या आळीची पायरी चढलं नाही.

"तेव्हापासून आमच्या घरी नियम आहे," बाई म्हणाल्या. "दुसऱ्याचं उरलेलं आत येत नाही, आणि आमचं उरलेलं बाहेर जात नाही."

मी मूर्खासारखं विचारलं, "मग उरलेल्याचं करता काय?"

"उरवत नाही."

चाळीस धरले आणि एकवीस आले, हे सांगून मी उठलो, तेव्हा त्यांनी एवढंच आणखी सांगितलं, की दुसऱ्याला देऊन मोकळं झालं म्हणजे आपलं चुकलं कुठं ते कधी कळत नाही. तुम्ही एकोणीस माणसं जास्त धरलीत, ती कुठून धरलीत ते आधी शोधा. मी पातेलं घेऊन परत आलो. पुढच्या तीन वेळेला मंदानं मसालेभातच वाढला.

एवढं होऊन त्या बाई आमच्याशी बोलल्याच नसत्या तरी मी त्यांना दोष दिला नसता. पण संध्याकाळी त्याच आल्या, बाळाला मांडीवर घेतलं, नाव विचारलं, आणि जाताना मंदाला म्हणाल्या, रविवारी दोघं आमच्याकडं जेवायला या. त्या रविवारी आयुष्यात पहिल्यांदा एका यजमानीणबाईंनी पीठ मळायच्या आधी मला विचारलं, "भूक किती आहे? पाव, अर्धी की सबंध?"

आता आमच्याकडं असं विचारायची पद्धत नाही. आमच्याकडं पाहुण्याला भूक विचारणं म्हणजे त्याला हाकलण्यासारखं. पाहुण्यानं नको म्हणायचं, यजमानानं वाढायचं, पाहुण्यानं पानावर हात आडवा धरायचा, यजमानानं बोटांच्या फटीतून श्रीखंड ओतायचं, आणि शेवटी पानात जे माखून राहील त्याला प्रेम म्हणायचं. मी संकोचानं म्हटलं, "पाव." बाईंनी मला बरोबर एक भाकरी, वाटीभर आमटी आणि मूठभर भात वाढला. मी वाट बघत बसलो. पुन्हा कुणी विचारलं नाही. शेजारी मंदा "सबंध" म्हणून मोकळी झाली होती आणि सुकटाच्या चटणीबरोबर तिसरी भाकरी मोडत होती. घरी आल्यावर मी डब्यातले शेंगदाणे खाल्ले.

पालिकेच्या शाळेत बाई चौथीला शिकवत. बोलणं शाळेतलं, शुद्ध. पण माया आली किंवा डोकं फिरलं की एकदम वाडीची भाषा बाहेर पडे. "काय रे" आणि "काय गो" सुरू झालं की समोरच्यानं समजावं, आता या बाई आपल्या झाल्या किंवा आपलं काही खरं नाही. त्यांचे यजमान बिरवाडीच्या बाजूला कारखान्यात पाळीवर जायचे. कधी सकाळची पाळी, कधी रात्रीची, मधेच जादा काम लागलं तर जेवण तिथल्याच कँटीनला. अशा घरात रोज कुणाचं तरी ताट झाकून राहतं आणि सकाळी गटारात जातं. बिरवाडीला खोल्या घेऊन राहणाऱ्या कामगारांच्या घरी मी ते पाहिलंय. तांब्यांच्या चुलीशेजारी मात्र एक नारळाची करवंटी असे. घरी जेवणार असले तर तांबे निघताना ती उताणी ठेवत, नाहीतर पालथी. ऐनवेळी बेत बदलला तर बिरवाडीहून येणाऱ्या कुणाकडून तरी निरोप यायचा, "तांब्यांची करवंटी पालथी." हा निरोप मी स्वतः दोनदा आणलाय. पहिल्यांदा मला वाटलं, कुणीतरी वारलं. मी चेहरा पाडूनच दारात गेलो होतो.

बारशाच्या पातेल्याचा विषय बाईंनी सोडला नव्हता. महिनाभरानं मंदा सहज त्यांच्यापाशी म्हणाली, रोज काहीतरी टाकावं लागतं, कळत नाही कसं. बाईंनी तिला एक जुनं ॲल्युमिनियमचं भांडं दिलं. आठ दिवस टाकायचं ते लगेच टाकायचं नाही. या भांड्यात ठेवायचं, संध्याकाळी बघायचं, काय आहे ते नव्हे तर का आहे ते एकमेकींना सांगायचं, आणि मग टाकायचं. मला हा प्रकार हास्यास्पद वाटला. मी कचेरीत त्याची नक्कलही करून दाखवली. आमच्या घरात कचऱ्याची चौकशी बसली आहे, असं म्हटल्यावर साहेबसुद्धा हसले.

नवव्या दिवशी दोघी माझ्यासमोर येऊन बसल्या.

बाईंनी विचारलं, "भाऊ, मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी कुठं खाता?"

मी म्हटलं, "कुठं म्हणजे? घरी."

"घरी जेवता. खाता कुठं?"

झालं होतं असं, की मंगळवारी आणि शुक्रवारी कचेरी सुटल्यावर आम्ही चौघं एस.टी. स्टँडसमोरच्या हॉटेलात कांदाभजी खात असू. मंदाला तेलकट खाल्लेलं आवडायचं नाही म्हणून मी ते सांगत नसे. घरी येऊन इमानदारीनं पानावर बसे आणि निम्म्या पोळ्या ठेवून उठे. वर "आज भूकच नाही, जरा पित्त झालंय" असं म्हणे. मंदा पित्तावर आवळ्याचं काहीबाही करून घाली. भांड्यात मात्र नेमकं दोनच दिवस तीन-तीन पोळ्या पडत होत्या, आणि पित्त काही कॅलेंडर बघून होत नाही. मी कबूल केलं. बाईंनी भज्यांना बंदी केली नाही. "खा की. पण सांगून जा. त्या दोन दिवशी मंदाताई तीन पोळ्या कमी लाटतील." इतका सोपा तोडगा निघेल असं ठाऊक असतं तर मी महिनाभर पित्ताचं सोंग केलं नसतं.

यामुळं गावात त्यांचं नाव झालं, असं मात्र नव्हे. गावात त्यांना चिकट म्हणत. आग्रह करीत नाहीत, पाहुण्याला मोजून वाढतात, शिक्षकीण असून हात आखडता. ते त्यांच्या कानावर जायचं. त्या फक्त चष्मा पुसायच्या.

एकदा महिला मंडळानं उरलेल्या अन्नाच्या पदार्थांची स्पर्धा ठेवली आणि बाईंना परीक्षक नेमलं. मंदा भाग घेणार होती, म्हणून मी बशा वाहून न्यायला गेलो होतो. शिळ्या पोळीचा चिवडा, शिळ्या भाताची वडी, असे एकवीस प्रकार मांडलेले. बाईंनी सगळे चाखले आणि प्रत्येकीला एकच प्रश्न विचारला, हे मुळात उरलं का. कुणी सासूबाईंकडं बोट दाखवलं, कुणी दिरांच्या लहरीकडं. पहिल्या नंबराला पोचलेल्या लाडवाच्या मालकीणबाई मात्र लाडवाची बशीच सरळ करत राहिल्या. पुष्कळ विचारल्यावर निघालं, की त्यांच्या घरी पोळ्या उरतच नाहीत. स्पर्धेसाठी म्हणून आदल्या दिवशी वीस पोळ्या जास्त लाटून त्या शिळ्या केल्या होत्या. सगळी सभा हसली. बाई हसल्या नाहीत. त्यांनी पहिलं बक्षीस त्याच बाईंना दिलं. म्हणाल्या, इथं जमलेल्यांत हिच्याच घरी काही उरत नाही. लाडवाला नाही, तिच्या रोजच्या घराला बक्षीस.

हे सगळं मी आज हसत सांगतोय. पण त्यांच्या त्या हिशेबी वाढण्याची खरी परीक्षा झाली ती त्यांच्या वाडीवर, त्यांच्या भाचीच्या लग्नात, आणि तिथं हसण्यासारखं फार थोडं होतं.

भाची सुनंदा. तिचा बाप सीताराम हा बाईंचा धाकटा भाऊ. थोडी भातशेती, घरात सहा माणसं. त्या साली पीक बेताचं आलं होतं. कणगीत भात होतं ते लग्नापुरतं बेतानं काढल्यावर काटकसरीनं भादव्यापर्यंत पुरेल इतकंच. लग्न वैशाखात. नवऱ्या मुलाकडची मंडळी काही दासगावकडची, बरीचशी मुंबईची, सगळी मिळून पाचशेच्या घरात पान. वाडीतल्या जाणत्यांनी सीतारामला सांगितलं, साठ पायली तांदूळ काढ. मुंबईची माणसं आहेत, भात उरला तरी चालेल, कमी पडला तर पोरीला जन्मभर ऐकावं लागेल. बाई म्हणाल्या, छत्तीस पायलीत होतंय.

मधली चोवीस पायली म्हणजे त्या घराचं महिनाभराचं जेवण. ते गेलं तर श्रावणातच कणगी रिकामी होणार आणि सीतारामला शेत तसंच टाकून मुंबईला कामाला जावं लागणार. न गेलं आणि पंगतीत भात संपला, तर सुनंदा त्या घरात कायमची "भुकेल्या मांडवातली" होणार. सीताराम महाडला आला होता तेव्हा आमच्या ओट्यावरच हे बोलणं झालं. तो हातातली टोपी पिळत म्हणाला, "आक्का, तुझा अंदाज शाळंतल्या पोरांचा. ही लगीनघराची गोष्ट हाय."

बाई म्हणाल्या, "साठ पायली काढून ठेव. पण शिजवायचं मी सांगन तसं. तांदूळ हाय तवर त्याचा भात करता येतो रे. भाताचा तांदूळ करता येत नाय. कमी पडलं तर मांडवात माझं नाव घे, मी उभी राहीन."

लग्नाला आम्ही दोघं आदल्या दिवशीच गेलो. मला वाटलं होतं, पाहुणे म्हणून जायचंय. पण बाईंनी मला मांडवाच्या तोंडाशी बसवून पुढ्यात चिंचोक्यांचा ढीग आणि दोन टोपल्या ठेवल्या. मोठं माणूस आत आलं की एका टोपलीत चिंचोका, पोर आलं की दुसऱ्या. सरकारी नोकरीत इतकं जबाबदारीचं काम मला कधी मिळालं नव्हतं. मी बँडवाल्यांना दोनदा मोजलं, कारण ते एकदा वाजवत आले आणि एकदा विडी ओढून आले. बाईंना ते टोपलीकडं बघूनच कळलं.

चुलवणावर तीन टोप होते. पण तिन्हींत एकदम भात नव्हता. एकात शिजत होता, दुसऱ्यात आधण उकळत होतं, तिसऱ्याखाली नुसता विस्तव. तांदूळ धुऊन टोपल्यांत निथळत ठेवलेला. जेवढी माणसं बसतील तेवढाच पुढचा भात चढवायचा. वाढप्यांना, म्हणजे वाडीतल्या पंधरा जणांना, बाईंनी रांगेत उभं करून तंबी दिली होती. अर्धा डाव वाढायचा, चारदा फिरायचं, आग्रह करायचा नाही, आणि कुणी हात आडवा धरला की पुढं सरकायचं. बुद्धवंदना झाली, लग्न लागलं, पहिली पंगत बसली. एक वाढपी कमी पडला, म्हणून भाताची बादली माझ्या हातात आली.

पहिल्या पंगतीत मधोमध नवऱ्या मुलाचे मामा. गोदीत कामाला, अंगानं पैलवान, त्या सगळ्या गोतावळ्यात त्यांचा शब्द मोठा. मी दुसऱ्या फेरीला त्यांच्यासमोर गेलो. त्यांनी रीतीप्रमाणं पत्रावळीवर हात आडवा धरला. मी नियमाप्रमाणं पुढं सरकलो. पुढच्या फेरीला तसंच. मला तर माझ्या शिस्तीचा अभिमान वाटत होता. चौथ्या फेरीला बघतो तो मामा ताठ बसलेले, हात मांडीवर, पत्रावळीत उसळीचे चार दाणे आणि भाताचं शीतही नाही. त्यांच्या डावी-उजवीकडच्यांनी जेवण थांबवलं. मग त्यांच्या शेजारच्यांनी. एकेक करून सगळी रांग थांबली. मांडवात नुसता माश्यांचा आवाज.

कुणीतरी म्हणालं, मामा रुसले. कुणीतरी म्हणालं, इथं भात मोजून वाढतात. सुनंदाचं तोंड पांढरं पडलं. सीताराम कुठून तरी धावत आला, माझ्या हातातली बादली हिसकावून घेतली आणि सगळीच्या सगळी मामांच्या पत्रावळीवर उपडी करायला निघाला. बाईंनी वाटेत त्याचं मनगट धरलं. बादली स्वतः घेतली, आणि मामांच्या पत्रावळीसमोर उकिडव्या बसल्या.

"मामा, पोटात जागा हाय?"

"हाय ना," मामा त्यांच्याकडं न बघता म्हणाले. "पण हितं कोण इचारतंय?"

"मी इचारते. पण एकदाच इचारन. तुमी हात आडवा धरलात, आमी तो खरा मानला. आमच्या दारात पावण्याचा सबूद खोटा पाडत नाय कोणी. आता तुमीच सांगा. पाव, अर्धी, का सबंध?"

मामांनी पहिल्यांदा वर पाहिलं. एवढ्या माणसांसमोर आपल्याला भूक आहे असं सांगायची वेळ त्यांच्यावर बहुधा कधी आलीच नव्हती. मला वाटलं, आता उठतात. बाई बादलीवर डाव धरून तशाच बसलेल्या. दोऱ्यानं बांधलेली चष्म्याची काडी घामानं घसरत होती, पण त्यांनी ती वर केली नाही.

"सबंध," मामा म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले, "एकदम फुल."

आधी त्यांची माणसं हसली, मग वाडी हसली, मग मामाच इतके हसले की पत्रावळ हलली. बाईंनी शीग लावून भात वाढला. मामांनी भातात आमटीसाठी आळं केलं आणि जेवायला लागले. दोनच मिनिटांत त्यांचा आवाज आला, "ओ भातवाले, हिकडं अर्धी." त्यापाठोपाठ पलीकडून, "हितं पाव." मग सगळ्या रांगेत तेच सुरू झालं. पाव, अर्धी, सबंध. लोक आपल्या तोंडानं मागत होते, मिळत होतं, आणि जे मिळत होतं ते खात होते. मी इतका धावलो की माझं धोतर, जे मी खास लग्नासाठी नेसलो होतो, दोनदा सुटता सुटता राहिलं.

दुसरी पंगत उठत होती तेव्हा खालच्या रस्त्यावर ट्रक थांबला. मुंबईची साठ माणसं, आधी कुणी न सांगितलेली, "आलो आलो" करत चढून येत होती. सीताराम बाईंकडं बघायला लागला. बाईंनी मला विचारलं, "किती?" मी चिंचोके मोजले. या वेळी बरोबर मोजले. बाईंनी चार पायली जास्त तांदूळ आधणात सोडला.

"पाय धुवायला पाणी दे त्यांना," त्या सीतारामला म्हणाल्या. "गूळ-पाणी दे. पाय धुऊन हुतील तवर भात हुईल."

झाला. ट्रकवाली माणसं वाफाळत्या भातावर तुटून पडली. त्यातला एक जण म्हणाला, उशिरा आलो ते बरं झालं, नेहमी उशिरा येणाऱ्याला गार गोळा मिळतो.

वाडीच्या खालच्या अंगाला पत्रावळी टाकायला खड्डा खणला होता. प्रत्येक पंगतीनंतर बाई तिथं जाऊन उभ्या राहत आणि पडणाऱ्या पत्रावळी बघत, वह्या तपासाव्यात तशा. आजूबाजूच्या गावांतली दहा-बारा कुत्री सकाळपासून त्या खड्ड्याकडं तोंड करून बसली होती. लग्नघरी कुत्र्यांची दिवाळी असते. त्या दिवशी त्यांनी पत्रावळी हुंगल्या, आमटीचे डाग चाटले, आणि दुपार कलल्यावर एकेक करून मान खाली घालून निघून गेली. माझ्या आयुष्यात मी पाहिलेला तो सर्वांत मोठा विजय, आणि त्याचे पराभूत असे शेपूट पाडून चालले होते.

शेवटची पंगत बायकांची. त्यांच्याआधी बाईंनी आम्हा वाढप्यांना हाक मारून बसवलं. तळाशी राहिलेला भात, थोडी खरवड, निवालेली आमटी आमच्या पत्रावळींत आली. आम्ही कुरकुरलो. बाई म्हणाल्या, "येवढंच उरलंय, ते तुमी संपवा." आणि तिकडं शेवटचा टोप चुलवणावर चढला.

सगळं उरकल्यावर सीतारामनं न शिजलेला तांदूळ मोजला. एकोणीस पायली आणि वर ओंजळभर. त्यानं तो घरात नेला. तांदूळ कणगीत ओतल्याचा आवाज बाहेर ओट्यापर्यंत आला, बराच वेळ येत राहिला. मग तो दारात आला, अंगावरचा कोंडा न झटकता बहिणीसमोर उभा राहिला.

"आक्का, भादव्यापातूर पुरंल गो."

बाई म्हणाल्या, "मंग शेत सोडून मुंबैला जायाचं नाय."

"नाय जात."

वाडीतल्या ज्या जाणत्यांनी साठ पायली सांगितली होती त्यांतले एक म्हातारबुवा ओट्याच्या कोपऱ्याशी बसले होते. ते म्हणाले, पुढच्या महिन्यात आमच्या नातवाचं लगीन हाय, बाईंना सुट्टी मिळंल का. पाठोपाठ वरच्या आळीतला एक शेतकरी, सीतारामच्या बांधाला बांध असलेला, तोही म्हणाला, आमच्याकडं पण हाय. बाईंनी दोघांना तारखा विचारल्या. वरच्या आळीतलं आमंत्रण त्या घराण्याला आजीच्या दिवसांत कसं यायचं, हे मला ठाऊक होतं. आता ते टोपांजवळ उभं राहून हुकूम देण्यासाठी येत होतं. बाईंनी फक्त शाळेच्या सुट्टीचा विचार केल्यासारखं केलं आणि म्हणाल्या, रविवार असला तर येईन.

शेवटच्या एस.टी.साठी आम्ही निघालो तेव्हा ऊन उतरलं होतं. वळणावर मी मागं पाहिलं. मांडव रिकामा झाला होता. एका खांबाला टेकून तांबेबाई जेवायला बसल्या होत्या, एकट्या, दिवसभरात पहिल्यांदा. त्यांच्यासमोर गोदीतले मामा बादली घेऊन वाकले होते. काही तरी विचारलं असावं, कारण बाईंनी हाताचं एक बोट वर केलं. मामांनी एकच डाव वाढला. दुसरा भरून घेतला, हवेत धरला, बाईंकडं पाहिलं, आणि परत बादलीत टाकला. बाईंनी मान हलवली आणि पहिला घास घेतला.

त्यांना डोळे भरून पाहिलं ते तेवढंच. आम्ही लगेच रजेवर वाईला गेलो, रजेतच माझी बदली झाली, आणि सामान हलवायला आलो तेव्हा बाई त्या म्हातारबुवांच्या नातवाच्या लग्नाला गेलेल्या.

पोलादपूरहून महाडच्या गाडीत मंदा खिडकीशी बसली होती. मी आपला कुरकुरत होतो. इतका राबलो, चिंचोके मोजले, धोतर सांभाळलं, आणि जेवायला काय, तर टोपाच्या तळाची खरवड आणि गार आमटी. पाहुण्यांना असं वाढतात का, म्हटलं. गाडी चढण संपवून उताराला लागली तेव्हा मंदा म्हणाली,

"अहो, मी आज पहिल्यांदा लग्नात गरम भात जेवले."